हलकी स्नबनोज आणि धसकलेला हात: एका केसची पूर्ण हकिगत

ही केस लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं, कारण असं प्रकरण पुन्हा पुन्हा समोर येतं आणि दरवेळी लोक एकच चुकीचं औषध घेऊन बसलेले असतात, ते म्हणजे "सवय होईल". हलक्या स्नबनोजच्या, म्हणजे आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरच्या, रिकॉइलची (गोळी सुटताना हाताला मागे बसणाऱ्या धक्क्याची) अशी आपोआप सवय होत नाही, उलट वाईट सवयी तेवढ्या पक्क्या होतात. ज्यांच्याकडे रीतसर परवाना आहे आणि जे खरंच गन बाळगतात त्यांच्यासाठी हे लिहितोय, बाकीच्यांनी नुसतं माहिती म्हणून वाचलं तरी हरकत नाही.

केसमधल्या व्यक्तीला इथं ताई म्हणूया. वय पन्नाशीच्या पुढे, रात्रपाळीचं काम, परत येताना एकटीनं सुनसान पार्किंग पार करायचं असतं म्हणून परवाना काढलेला. हात लहान, उजवा अंगठा मुळाशी थोडा दुखरा, सांध्याची झीज सुरू झालीय असं डॉक्टरांनी सांगितलेलं. गन घेताना त्यांना एकच सल्ला मिळाला होता: बाईमाणसासाठी सगळ्यात लहान आणि सगळ्यात हलकी ती बरी. म्हणून त्यांनी घेतली स्कँडियम मिश्रधातूची फ्रेम आणि टायटॅनियमचं सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) असलेली पाच गोळ्यांची रिव्हॉल्व्हर, ३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाची, रिकामी असताना वजन जेमतेम ३३० ग्रॅम. पर्समध्ये आहे की नाही तेसुद्धा कळत नाही इतकी हलकी. सोबत ३५७ चीच काडतुसं, कारण गन ३५७ ची.

रेंजवर पहिल्याच दिवशी त्यांनी एक सिलिंडर कसंबसं रिकामं केलं. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातली कातडी सोलली, मधल्या बोटाच्या पेरावर ट्रिगर गार्ड आपटून निळं पडलं, आणि सिलिंडर उघडायची जी कळ असते तिनं अंगठ्याला चीर पाडली. त्यानंतर गन रोज सोबत असायची पण उडवायची म्हटलं की काहीतरी कारण निघायचं. माझ्याकडे आल्या तेव्हा तक्रार वेगळीच होती. म्हणाल्या, "दादा, ही गन खाली मारते, हिचे साइट चुकीचे आहेत, बदलून मिळतील का?"

मी आधी टार्गेट बघितलं. ७ मीटरवरून मारलेल्या गोळ्या, मधल्या ठिपक्यापासून चांगल्या वीतभर खाली आणि डावीकडे, त्याही विखुरलेल्या. आता स्नबनोजचे साइट, म्हणजे नेम धरायच्या खुणा, फिक्स असतात आणि बहुतेक ३८ च्या, म्हणजे ३८ स्पेशल काडतुसाच्या, गनवर ते १५८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीला धरून बसवलेले असतात, त्यामुळे हलकी आणि वेगवान गोळी वापरली की ती थोडी खाली लागते हे खरंय. पण थोडी म्हणजे या अंतरावर बोट दोन बोटं, वीतभर नाही. शिवाय साइटची चूक असेल तर सगळ्या गोळ्या एकाच जागी चुकतात. इथं तसं काही नव्हतं, म्हणजे दोष हातात होता, आणि हात असा का वागतोय ते शोधायचं होतं.

आधी जरा हिशोब

रिकॉइल हा काही अंदाजपंचे विषय नाही, साधं गणित आहे. गोळी आणि तिच्यामागून सुटणारा वायू पुढे जितका संवेग घेऊन जातात तितकाच गन मागे घेते. काडतूस तेच ठेवलं तर संवेग तोच राहतो, पण गन जितकी हलकी तितका तिचा मागे येण्याचा वेग जास्त आणि हाताला बसणारी ऊर्जाही त्याच प्रमाणात जास्त. वजन निम्मं केलं की रिकॉइलची ऊर्जा दुप्पट. यातून कुणाची सुटका नाही, कितीही महाग धातू वापरा.

ताईंच्या गनवर हे आकडे घालून बघा. १२५ ग्रेनची मॅग्नम गोळी म्हणजे ८ ग्रॅमच्या आसपास वजन, आखूड नळीतून साधारण ३७० मीटर सेकंदाला, वर ग्रॅमभर बारूद. पाच काडतुसांसकट गनचं वजन धरा ४०० ग्रॅम. हिशोब केला की रिकॉइल येतो २० ज्यूलच्या वर आणि गन हातात मागे येते सेकंदाला १० मीटरच्या वेगानं. भरलेलं ९०० ग्रॅमचं पूर्ण आकाराचं ९ मिमी पिस्तूल घेतलं तर तोच आकडा ५ ज्यूलच्या आसपास येतो. म्हणजे बऱ्यापैकी शांत अशा गनच्या चौपट धक्का, तोही लहान हाताला, आणि दोन बोटं जेमतेम मावतील एवढ्या मुठीवर. आता हेच ३५७ काढून ३८ स्पेशलचं १४८ ग्रेनचं टार्गेट वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाच्या गोळीचं मऊ काडतूस, त्याच गनमध्ये घातलं तर आकडा उतरतो ६ ज्यूलच्या जवळ. गन तीच, हात तोच, फक्त काडतूस बदललं. आणि ३५७ च्या गनमध्ये ३८ स्पेशल बिनधास्त चालतं, कारण ३५७ चं काडतूस म्हणजे त्याच ३८ चं लांब केलेलं रूप. उलटं मात्र कधीच करायचं नाही, ३८ च्या गनमध्ये ३५७ घालायचं नसतं आणि धड गन असेल तर ते जातही नाही.

हे ताईंना कुणी सांगितलंच नव्हतं. गनवर ३५७ लिहिलंय म्हणजे ३५७ च घालायचं अशी त्यांची समजूत. त्यांच्यासारखे कितीतरी जण आहेत, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पहिल्या दिवशी हातात मऊ काडतूस दिलं असतं तर पुढचं निम्मं काम वाचलं असतं.

थोडं मागचं सांगतो म्हणजे ही वजनं कुठून आली ते कळेल. कोल्टची डिटेक्टिव्ह स्पेशल १९२७ ची, पोलादी, सहा गोळ्यांची. स्मिथ अँड वेसनची पाच गोळ्यांची चीफ्स स्पेशल १९५० ची, तीही पोलादी, साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. अ‍ॅल्युमिनियम फ्रेमच्या गना १९५० च्या दशकातच आल्या, आज तशी ३८ ची स्नबनोज ४२५ ग्रॅमच्या आतबाहेर भरते. रुगरची एलसीआर २००९ मध्ये पॉलिमर वापरून आली, ती ३८० ग्रॅमच्या जवळ, पण त्याच एलसीआरचं ३५७ चं मॉडेल मुद्दाम जड ठेवलंय, ४८५ ग्रॅमच्या आसपास. स्कँडियम टायटॅनियमवाल्या ३३० ग्रॅमच्या गना ही या उताराची शेवटची पायरी. खिशासाठी उत्तम, पण मॅग्नमसाठी फक्त अशाच्या हातात द्यावी ज्याला आपण काय करतोय ते पक्कं माहितीये.

हातात काय चाललं होतं

रेंजवर शिकणाऱ्याच्या टार्गेटपेक्षा त्याचा चेहरा आणि बोटं बघावीत असं मी नेहमी म्हणतो. ताईंच्या बाबतीत मी उजवीकडे उभा राहून फक्त त्यांच्या मुठीकडे बघत होतो. ट्रिगर अर्धा मागे येईपर्यंत सगळं ठीक, मग अनामिका आणि मधलं बोट पांढरं पडायला लागायचं, म्हणजे एका बोटानं ओढायचं ते काम अख्खी मूठ आवळून चाललं होतं, आणि अगदी शेवटच्या क्षणी मनगट खाली. पापण्याही मिटायच्या, गोळी सुटायच्या आधीच.

मग नेहमीची परीक्षा घेतली. रिव्हॉल्व्हरची ही एक फार मोठी सोय आहे, सिलिंडरमध्ये दोन जिवंत राउंड आणि तीन उडवलेली रिकामी केसं (काडतुसांची टरफलं) मिसळून घालायची, न बघता फिरवून बंद करायचं, आणि मारायला सांगायचं. जिथं रिकामं केस येतं तिथं धक्का नसतो, आवाज नसतो, त्यामुळे हात जे काही करतो ते उघडं पडतं. ताईंनी ट्रिगर ओढला, नुसतं टक् झालं, आणि नळीचं तोंड तीन इंच खाली गेलं, वजन टाकून ढकलल्यासारखं. त्या स्वतःच बघत राहिल्या. मला काही बोलायची गरजच पडली नाही, साइटचा विषय तिथंच संपला.

लोक म्हणतात रिकॉइलमुळे नेम चुकतो. एवढ्या आखूड नळीतून गोळी बाहेर पडायला हजारांश सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, तेवढ्यात गन थोडी उचलली जाते पण ते साइट बसवतानाच धरलेलं असतं. चुकवतो तो येणाऱ्या रिकॉइलचा धसका. मेंदूनं एकदा हिशेब मांडला की हे बोट मागे आलं की तडाखा बसणार, की मग तो तडाख्याच्या आधीच हाताला खाली ढकलतो, आणि हे तुमच्या इच्छेवर नसतं. "घाबरू नका", "घट्ट धरा" म्हणून ते जात नाही.

यात अजून एक गोष्ट मिसळलेली असते जी लोक धरतच नाहीत, ती म्हणजे ट्रिगर. झाकलेल्या घोड्याची ही गन फक्त डबल अ‍ॅक्शनवर चालते, ट्रिगर ओढला की तोच सिलिंडर फिरवतो, घोडा मागे नेतो आणि सोडतो, आणि त्याला ओढायला साधारण १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास जोर लागतो. गन भरून ४०० ग्रॅमची. गनच्या वजनाच्या तेरा चौदा पट जोर लावायचा आणि गन हलू द्यायची नाही! जड गनला स्वतःचा ठेहराव असतो, हिला काहीच नाही, बोटाची प्रत्येक चूक नळीच्या तोंडावर उमटते. ताईंचं खालीडावीकडे जाणं निम्मं धसक्याचं होतं आणि निम्मं या ट्रिगरचं, आणि दोन्ही वेगवेगळी दुरुस्त करायची असतात.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे आवाज. ४८ मिमीच्या नळीतून मॅग्नम म्हणजे बरीचशी बारूद नळीबाहेर जळते, डोळ्यासमोर जाळ आणि छातीवर थाप बसल्यासारखा दणका. पुष्कळदा माणूस हाताच्या दुखण्याला घाबरत नाही, या दणक्याला घाबरतो. म्हणून पहिल्या दिवसापासून ताईंना कानात बोळे आणि वर कर्णकवच, दोन्ही लावायला सांगितलं. एवढ्यानंसुद्धा पापण्या मिटणं निम्म्यावर आलं.

काय काय बदललं

सगळ्यात आधी मॅग्नम बंद. पूर्ण बंद, कधीतरी एखादी म्हणूनसुद्धा नाही. त्याऐवजी १४८ ग्रेनचं वॉडकटर. काडतुसाच्या बाबतीत हलक्या गनची अजून एक गोम आहे आणि ती माहीत नसेल तर जिवावर बेतू शकतं. गन इतक्या झटक्यानं मागे येते की सिलिंडरमध्ये अजून न उडालेल्या काडतुसांची केसं गनबरोबर मागे ओढली जातात आणि गोळी जडत्वानं जागेवर राहते, म्हणजे केसमधून पुढे सरकते. पुरेशी सरकली की तिचं टोक सिलिंडरच्या पुढे डोकावतं, फ्रेमला अडतं, सिलिंडर फिरत नाही, गन जागीच ठप्प. रिव्हॉल्व्हर जाम होत नाही म्हणणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांनी बघावं. ताईंकडे कुणीतरी दिलेली शिशाच्या उघड्या गोळीची जोरदार काडतुसंही होती, ती मी स्वतः तपासली. पाचवं काडतूस आधी व्हर्नियरनं मोजून ठेवलं, चार उडवली, पाचवं काढून पुन्हा मोजलं, गोळी सरकल्याचं मोजायच्या आधी नुसत्या नजरेलाच दिसत होतं. ती काडतुसं बाजूला. वॉडकटर असंच मोजलं तर जागचं हललं नव्हतं, कारण धक्काच तेवढा नाही. कुठलंही नवं काडतूस बाळगायला घेताना ही परीक्षा करावीच, एकदा नाही, दोनतीनदा. काही स्कँडियमच्या ३५७ गनांवर १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नका असं नळीवरच कोरलेलं असतं, तेही वाचून घ्यावं.

मग मूठ. मूळची मूठ आखूड रबराची, मागची धातूची पट्टी उघडी ठेवणारी. म्हणजे सगळा तडाखा चिंचोळ्या धातूतून सरळ बेचक्यात. ती काढून मागची पट्टी झाकणारी आणि करंगळीच्या शेजारचं बोट नीट मावेल एवढी मूठ बसवली. तिनं दोन गोष्टी होतात, धक्का रुंद जागेवर पसरतो आणि ट्रिगर गार्डच्या मागची पोकळी भरली जाते त्यामुळे मधल्या बोटाचं पेर सुटतं. तोटाही आहे, मूठ जाड झाली की लहान हाताचं बोट ट्रिगरपर्यंत कमी पोचतं, आणि रबर खिशाच्या अस्तराला चिकटतं. दोनतीन मुठी लावून बघितल्या आणि ताईंच्या बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर नीट बसेल ती ठेवली. इथं एक सल्ला सर्रास मिळतो, रेंजवर मोठी मूठ आणि बाळगायला लहान. मला तो अजिबात पटत नाही. ज्या मुठीवर सराव केला तीच मूठ हातात यायला हवी, नाहीतर सगळा सराव दुसऱ्याच गनचा झाला.

धरायची पद्धत तर मुळापासून बदलली. हात जितका वर जाईल तितका वर, बेचकं मागच्या पट्टीच्या वरच्या वळणाखाली ठासून बसलेलं. झाकलेल्या घोड्याच्या गनवर हात चांगला वर जातो, त्याचा फायदा घ्यायचा, कारण नळी हाताच्या जेवढी वर तेवढी गन उसळते. अंगठा खाली वळवून मधल्या बोटावर दाबलेला, म्हणजे तो त्या कळीच्या वाटेतून बाजूला होतो, आणि डाव्या हाताचा अंगठा त्याच्यावरून आडवा. पिस्तूल शिकलेले लोक दोन्ही अंगठे पुढे सरळ ठेवतात, ते इथं धोक्याचं आहे, सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून तापलेला वायू आणि शिशाचे कण आडवे फेकले जातात, बोट तिथं गेलं तर भाजतं, कापतं. डावा हात नुसता आधाराला नाही ठेवायचा, खरी पकड त्याचीच, उजव्यानं बेताची आणि डाव्यानं घट्ट. ताईंच्या दुखऱ्या अंगठ्याला याचा फार आराम पडला, कारण उजवी मूठ आवळणं थांबलं आणि तेच आवळणं नेम डावीकडे नेत होतं.

आणि मग आला कोरडा सराव, म्हणजे रिकाम्या गनवर ट्रिगर ओढणं. या केसमध्ये सगळ्यात जास्त फरक कशानं पडला विचाराल तर मी यालाच मान देईन. पद्धत मात्र कडक. काडतुसं दुसऱ्या खोलीत, पाचही घरं बोट घालून तपासलेली, सिलिंडरमध्ये स्नॅप कॅप म्हणजे डमी काडतुसं, आणि समोर अशी भिंत जिच्यातून काही पलीकडे जाणार नाही. गनच्या पुस्तकात कोरडा ट्रिगर चालतो का ते आधी बघायचं. मग गनच्या वरच्या पट्टीवर, पुढच्या साइटच्या मागे, एक नाणं ठेवायचं आणि ट्रिगर एका दमात, न थांबता, सारख्या वेगानं शेवटपर्यंत ओढायचा, नाणं पडलं नाही पाहिजे. अर्ध्यावर थांबून मग पटकन खेचायची सवय बऱ्याच जणांना असते, ती मोडायचीच. सोडतानाही ट्रिगर पूर्ण पुढे जाऊ द्यायचा, अर्धवट सोडून पुन्हा ओढला तर काही गना अडतात. सराव संपला की मोठ्यानं "संपलं" म्हणायचं आणि मगच काडतुसांच्या खोलीत जायचं, परत भरल्यावर "अजून एकदाच" असं चुकूनही नाही. घरात होणारे अपघात नेमके त्या एकदाच मध्ये होतात.

ताईंनी हे रोज केलं, एका वेळी थोडंच, पाच दहा मिनिटं. सुरुवातीला नाणं पहिल्याच ओढीत घरंगळायचं. हळूहळू थांबायला लागलं. बोटाला बळ आलं आणि मुख्य म्हणजे बोट एकटं चालायला शिकलं.

ट्रिगर हलका करून घ्यावा, कमी ताकदीची स्प्रिंग बसवावी असंही त्यांना सुचवलं गेलं होतं. बाळगायच्या गनवर मी याला साफ नको म्हणतो. घोड्याची स्प्रिंग सैल केली की काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ते पेटवणाऱ्या टोपीवर आघात हलका पडतो आणि कधी काडतूस पेटतच नाही, आणि ते कधी पेटणार नाही हे आधी सांगून येत नाही. खेळाच्या गनवर काय करायचं ते करा.

राहिला डोस. माझ्या मते शिकवणारे इथंच सगळ्यात जास्त घोळ घालतात, पन्नासचा डबा आणलाय तर संपवूनच जायचं. हलक्या गनवर विसाव्या पंचविसाव्या गोळीनंतर हात थकतो, दुखायला लागतो आणि धसका परत डोकं वर काढतो, म्हणजे पैसे मोजून वाईट सवय विकत घ्यायची. म्हणून बेत असा ठरवला की सुरुवातीच्या पाच गोळ्या हलक्या गनवर, थंड हातानं, कारण खऱ्या प्रसंगी हात थंडच असणार. मग मधला सगळा सराव पोलादी, जड, ३८ च्याच रिव्हॉल्व्हरवर, जिच्यात वॉडकटर नुसतं थोपटल्यासारखं लागतं. तिथं ट्रिगर आणि साइट सुधारून घ्यायचे, आणि शेवटी पुन्हा हलक्या गनवर एक दोन सिलिंडर. ज्या क्षणी रिकाम्या केसवर नळी खाली गेली त्या क्षणी जिवंत गोळ्या बंद, त्या दिवसापुरता कोरडा सरावच. ताईंना हे सुरुवातीला फारच कमी वाटायचं. पण कमी आणि वारंवार, हेच या गनचं पथ्य.

गन बदलायची का

हा प्रश्न मी मुद्दाम उशिरा काढला, कारण हात सुधारायच्या आधी गन बदलली तर धसका नव्या गनमध्ये पाहुण्यासारखा येऊन राहतो. वॉडकटर आणि नव्या मुठीवर त्यांचे हात ताळ्यावर आल्यावर आम्ही तीन गना एका दुपारी शेजारी ठेवून मारल्या: त्यांची ३३० ग्रॅमची, अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची ४२५ ग्रॅमची, आणि सातशे ग्रॅमच्या वरची पोलादी. पोलादीवर त्यांचे निकाल अर्थातच सगळ्यात छान. पण ती खिशात घातली की कपडा एका बाजूला ओढला जायचा आणि कमरेला लावली तर त्यांच्या कामाच्या कपड्यात लपत नव्हती. त्या सरळ म्हणाल्या, "ही मी रोज नाही नेणार." हे ऐकून घ्यायला हवं. घरी राहणाऱ्या गनच्या अचूकतेचा उपयोग काय.

शेवटी अ‍ॅल्युमिनियमची ठरली. पंच्याण्णव ग्रॅमचा फरक कागदावर किरकोळ दिसतो पण वॉडकटरसोबत रिकॉइल ५ ज्यूलच्या खाली येतो, आणि गन फक्त ३८ ची असल्यामुळे चुकून मॅग्नम भरली जाण्याचा प्रश्नच मिटला. सोन्याची सुरी म्हणून कुणी उरात मारून घेत नाही, तसंच स्कँडियमचं. महागाची होती म्हणून तीच बाळगायची असं काही नाही.

बाळगायला काडतूस कुठलं, यावर लोक तासन्तास भांडतात. प्लस पी म्हणजे जास्त दाबाचं हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ, लागल्यावर फुलणारी गोळी) घ्या असा सर्वसाधारण सल्ला असतो, आणि आखूड नळीसाठी खास बनवलेली अशी काडतुसं आहेतही. पण जड गोळीचं प्लस पी या ४२५ ग्रॅमच्या गनमध्ये साडेआठ ज्यूलच्या आसपास जातं, ताईंच्या हाताला दुसरी गोळी मारायला लागणारा वेळ त्यानं सरळ वाढत होता. शिवाय एवढ्या आखूड नळीतून वेग कमी पडतो, हॉलो पॉइंट जाड कपड्यातून गेलं की त्याचं तोंड कापडानं बुजतं आणि ते नीट फुलेलच याची खात्री नसते. वॉडकटर फुलतच नाही, सपाट तोंडानं पूर्ण रुंदीचं भोक पाडतं, त्याचं काम वेगावर फारसं अवलंबून नाही. मला विचाराल तर ताईंसारख्या हातासाठी जागेवर लागणारं वॉडकटर हे चुकणाऱ्या प्लस पीपेक्षा कधीही बरं. त्यांनी तेच ठेवलंय. एक गैरसोय आहे, सपाट तोंडामुळे घाईत भरताना काडतूस घराच्या काठावर अडतं, म्हणून दुसऱ्यांदा भरायची काडतुसं गोल तोंडाची, स्पीड स्ट्रिपमध्ये, म्हणजे काडतुसं ओळीनं धरणाऱ्या पट्टीत.

खिशाबद्दल थोडक्यात. पर्स बंद केली, ती हिसकावली जाते, विसरली जाते, आणि आत किल्ल्या नाणी ट्रिगरशी खेळतात. आता पुढच्या खिशात, ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या पॉकेट होल्स्टरमध्ये, आणि त्या खिशात दुसरं काहीही नाही. गन काढताना होल्स्टर खिशातच राहिलं पाहिजे, हे रिकाम्या गननं भरपूर घोटवून घेतलं, बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवून. खिशातल्या गनमध्ये कापडाचा भुसा इतका साठतो की बघून नवल वाटेल, सिलिंडरच्या पुढे, घोड्याच्या झिरीत, साइटच्या खाचेत, म्हणून ठरलेल्या दिवशी काडतुसं काढून ब्रश मारायचा.

आता काय स्थिती आहे

५ मीटरवर तळहाताएवढ्या कागदावर पाच गोळ्या, थंड हातानं, घाई न करता, यात त्या आता सगळ्या आत ठेवतात. ७ मीटरवर गोळ्यांचा गट वर आला, डावीकडचा ओढा गेला. रिकाम्या केसवर नळी बहुतेक वेळा हलत नाही. हलली तर आता त्यांनाच आधी कळतं, आणि मला हे टार्गेटपेक्षा मोलाचं वाटतं.

जे सुटलेलं नाही तेही सांगतो. वेगात मारल्या की चौथी आणि पाचवी अजून फाकतात, कारण प्रत्येक गोळीनंतर मूठ हातात जराशी सरकते आणि लहान हाताला ती परत बसवायला वेळ मिळत नाही. यावर अजून काम चालू आहे, डावी पकड वाढवून थोडा फरक पडलाय. भरणं हळू आहे. आखूड नळीच्या गनचा एजेक्टरचा दांडाही आखूड असतो, तो केसं पूर्ण बाहेर लोटत नाही, म्हणून नळी सरळ आभाळाकडे करून दांड्यावर तळहाताचा ठोसा एकदाच मारायचा, हळूहळू दाबलं तर एखादं केस एजेक्टरखाली जाऊन अडकतं आणि ते काढायला मग दोन्ही हात लागतात. हे त्यांना जमतं पण अंगवळणी पडलेलं नाही. अंगठा थंडीत दुखतो, डॉक्टरांनी मुठीचे हलके व्यायाम दिलेत, दुखऱ्या दिवशी रेंज नाही एवढं पक्कं ठरलेलं आहे.

पुढचा टप्पा एका हातानं मारायचा आहे. रात्री परत येताना एका हातात पिशवी किंवा मोबाईल असतो, दोन्ही हातांची छान पकड तेव्हा मिळेलच असं नाही. एका हातात हीच गन पुन्हा बरीच उसळणार, म्हणून सुरुवात पोलादी गनवर, मग हलकीवर एका दिवसात फक्त एक सिलिंडर, आणि डाव्या हाताचं काम तूर्त स्नॅप कॅपवरच.